दुबई ते जालना : सव्वातीन तास आणि साडेएकोणीस तास

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर नंतर वाचा, पण वाचा. विशेषतः ज्यांच्या घरातलं कुणी आखातात आहे त्यांनी.

परवा मोबाईलमध्ये जागा होईना म्हणून नको ते पुसत बसलो होतो. त्यात आधी शोधलेल्या गोष्टींची यादी निघाली. एका ओळीवर बोट थांबलं. मागच्या डिसेंबरातली तारीख, पहाटे पाच बावन्न, आणि मीच लिहिलेले शब्द : ‘दुबई ते औरंगाबाद अंतर विमान वेळ’. खाली उत्तर होतं. अंतर सुमारे २,१४० किलोमीटर, वेळ सव्वातीन तास.

ती ओळ काही पुसली नाही.

आमचं गाव अंबड तालुक्यात. चार एकर मोसंबी, बाकी कापूस-तूर. माझा लहाना भाऊ आयटीआय करून आधी जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या मिलमध्ये लागला. भट्टीसमोर सहा वर्षं काढली. मग एका ओळखीच्या माणसाच्या नादानं वेल्डर म्हणून दुबईला गेला. तिथं मुहैस्नाकडं कामगारांच्या खोल्यांची मोठी वस्ती आहे, तिला सगळे सोनापूर म्हणतात. ‘जालना सोने का पालना’ इथून निघाला आणि सोनापुरात जाऊन पडला, अशी आमच्या घरात थट्टा चालायची. मुंबईची माणसं सोनापूर म्हटलं की गप्प होतात, कारण तिथं जुन्या लोकांच्या तोंडी सोनापूर म्हणजे मसणवटा. हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या मायचं दुबईचं अंतर वेगळंच होतं. लहाना पहिल्यांदा गेला तेव्हा त्याच्या तिकिटाचा कागद तिनं मला वाचायला लावला. मुंबईहून सकाळी दहाला निघणार, दुबईत पावणेबाराला उतरणार. म्हणजे पावणेदोन तास. मायला हिशेब पटला. ती म्हणाली, “आंबडाहून यष्टीनं जालन्याला जाऊन दवाखान्यात नंबर लावस्तोर एवढा येळ जातोच की.” दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं, म्हणून कागदावर पावणेदोन दिसतात, खरे सव्वातीन लागतात, हे मी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. लहान्यानंही नाही. तिला धीर येत होता, तर येऊ द्या म्हटलं. पुढं सात वर्षं ती आल्यागेल्याला सांगायची, “माझा लहाना कुठं लांबए, दोन तासावर तर आहे.” परतीचं तिकीट तिला कधी कुणी वाचून दाखवलं नाही. त्यात उलटं होतं, साडेचार तास दिसायचे.

माय गेली ती पहाटे पाचच्या सुमाराला. घरातच. आजारी होती, पण आज-उद्या असं नव्हतं. पाच वाजून दहा मिनिटांनी मी लहान्याला फोन लावला. तिकडं रात्रीचे तीन चाळीस. तो काही बोलला नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “भाऊ, मी निघालो. मी येईस्तोर काही करू नका.”

इथं बाहेरच्या वाचकांसाठी एक सांगतो. आमच्याकडं बापाचं थोरला करतो, मायचं धाकटा. मडकं त्यानं धरायचं, पाणी त्यानं पाजायचं, अग्नी त्यानं द्यायचा. हे काही कुठल्या पुस्तकात बघून करत नाहीत, पण गावात कुणालाही विचारा. आणि माझ्या मायनं तर जिवंतपणीच दहादा सांगून ठेवलेलं होतं.

उजाडायच्या आत अंगणात माणसं जमली. मातीची वेळ काय ठेवायची, पाहुण्यांना काय सांगायचं, एवढाच प्रश्न. शेवगाव, परतूर, सिंदखेडराजाकडची माणसं निघायची होती. आबा, म्हणजे आमचे चुलते, म्हणाले, “लहाना किती वाजता पोचतो ते पक्कं सांग, म्हंजे तशी येळ धरू.” तेव्हा मी मोबाईल काढला आणि वर सांगितलेले शब्द टाकले. सव्वातीन तास आले. मनात बेरीज केली. सात-आठला विमान मिळालं समजा, सव्वातीन तास, वर इकडं तिकडं दोन तास. मी भर अंगणात सांगितलं, “दोन वाजेपर्यंत येतो. चारची वेळ धरा.”

दुबईहून आपल्याकडं थेट विमान नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते नीट माहीत होतं. तो दरवेळी मुंबईला उतरूनच यायचा, तिथं दोन दिवस दोस्ताकडं राहायचा, खरेदी करायचा, मग रात्रीच्या देवगिरीनं जालन्याला यायचा. म्हणून ‘एकूण किती तास’ हा हिशेब आमच्या घरात कधी झालाच नव्हता. आणि त्या पहाटे डोकं चालत नव्हतं. समोर एक आकडा आला, तो खरा वाटला. आकडा असा काट्यावर मोजून दिल्यासारखा आला की माणूस शंका घेत नाही.

आबांनी सगळीकडं चार वाजताचा निरोप दिला. कुणीतरी विचारलं, जालन्याहून ती थंडगार पेटी मागवायची का? मी नको म्हणालो. दोन वाजता तो येणारच आहे, डिसेंबरची थंडी आहे, कशाला?

या पोस्टमधली माझी चूक म्हणाल तर हीच. बाकी पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

तिकडं काय चाललंय ते आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळत होतं. साइटचा माणूस सहाला आला. सुट्टीचा कागद, सही, मग पैसे. ऐनवेळचं तिकीट, खोलीतल्या सहा जणांनी मिळून काढलं. त्यात एक केरळचा, दोन नेपाळचे, एक पाकिस्तानातला. सकाळच्या विमानात जागा मिळाली नाही. मिळाली ती दुपारी बारा पाचच्या विमानात. तिकडचे बारा पाच, म्हणजे आपले एक पस्तीस. एक वीसला त्याचा मेसेज आला : ‘बसलो’.

मी अंगणात सगळ्यांना ज्या वेळेला तो दारात येईल म्हणून सांगितलं होतं, त्या वेळेला तो दुबईत खुर्चीचा पट्टा लावत होता.

तेव्हा कुठं मी खरी बेरीज करायला बसलो. साडेचारला मुंबईत उतरणार. शिक्क्याची रांग, बाहेर यायला पाऊण तास-तास. मुंबईहून संभाजीनगरची विमानं दिवसाला मोजकीच, संध्याकाळचं भरलेलं. वंदे भारत दुपारीच सुटून गेलेली. देवगिरी रात्री सुटते, जालन्यात पहाटे. राहिली गाडी. म्हणजे काही झालं तरी मध्यरात्र.

आबांना बाजूला घेऊन सांगितलं. पेटीसाठी जालन्याला फोन केला, ती दुसऱ्या गावी गेलेली होती. अंबडातून बर्फ आणायला एकाला पाठवलं. पण अंगणात तोपर्यंत दोनशे माणूस झालेलं. म्हातारी माणसं सकाळपासून उपाशी बसलेली. लेकीबाळींना परत जायचं. एक जण म्हणाला थांबू, दुसरा म्हणाला मायचे हाल करू नका. डिसेंबरात पावणेसहा-सहाला दिवस मावळतो. शेवटी आबा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “तू थोरलाएस. तू सांग.”

मी सांगितलं, उचला.

पाच चाळीसला मी अग्नी दिला. त्या वेळी लहाना विमानतळावरून निघून पवईच्या आसपास गर्दीत अडकलेला होता. पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावून धरला होता, पण त्याचं नेटवर्क जात होतं, चित्र थांबत होतं. त्यानं एकच विचारलं, “भाऊ, मडकं कुणी धरलं?”

“मी.”

“बरं.”

त्यानंतर त्यानं फोन ठेवला आणि सात तास उचलला नाही.

आता रस्त्याचं सांगतो. समृद्धी महामार्गाला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. पाच जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर सलग झाले. आपल्या जालन्याला त्याचा फायदा आहेच. त्या रात्री आमण्यापासून जालन्याच्या इंटरचेंजपर्यंत त्याची गाडी साडेतीन-पावणेचार तासांत आली, मधे एकदा चहाला थांबून. पण विमानतळ ते आमणे हे पन्नास-एक किलोमीटर, त्याला अडीच तासांच्या वर लागले. समुद्र ओलांडायला तीन तास आणि भिवंडी ओलांडायला अडीच. जालन्यातून पुढं अंबड, अंबडातून गाव. शेवटचे आठ किलोमीटर रस्ता कसा आहे ते आमच्या सर्कलमधल्या लोकांना सांगायची गरज नाही.

रात्री बारा चाळीसला तो अंगणात उतरला. पाच दहाच्या फोनपासून मोजले तर साडेएकोणीस तास. त्यातला विमान हवेत असल्याचा वेळ तीन तासांपेक्षाही थोडा कमी.

घरात गेला नाही. मसणवट्यात जाऊन बसला. मी मागून गेलो. आम्ही दोघं काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सावडायला तो होता. मातीला नव्हता.

एवढं झाल्यावर मी त्या सव्वातीन तासांच्या मागं लागलो. हा आकडा कुणी काढला, कशावरून काढला? उत्तर साधं निघालं. या वेबसाइटी दोन गावांचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातलं सगळ्यात कमी अंतर काढतात, त्याला ताशी आठशेच्या आसपासच्या सरासरी वेगानं भागतात आणि उडण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकतात. झालं. ते विमान खरंच आहे का, हे बघतच नाहीत. दुबई ते आमच्या गावाच्या पिंपळाच्या पाराचीसुद्धा वेळ काढून देतील. ही वेळ त्या विमानाची, जे कधी उडालंच नाही. शिवाय औरंगाबाद दोन आहेत, एक आपलं आणि एक बिहारमधलं. कुठलं धरलंय ते खाली बारीक अक्षरात. आपल्या शहराचं नाव २०२३ ला छत्रपती संभाजीनगर झालं, पण या वेबसाइटींवर अजून जुन्या नावानंच शोधावं लागतं.

वाऱ्याचाही हिशेब त्यात नसतो. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर फार उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. म्हणून मुंबईहून दुबईला जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी. येणाऱ्याला वारं ढकलत आणतं. लहान्यालाही आणलं. मुंबईपर्यंत.

आता विमानतळाची गोष्ट, कारण ती सार्वजनिक आहे आणि तिच्यावर बोललं पाहिजे.

चिकलठाण्याचा विमानतळ कुठल्या रस्त्यावर आहे? जालना रोडवर. नावच जालना रोड. शहरातून निघालं की आपल्याच बाजूला, बदनापूरकडं. जालना शहरातून तिथं जायला तास-सव्वातास. आमच्या गावातून दोन तास. धावपट्टी सुमारे २,८०० मीटरची. मुंबई-दिल्लीची जी ए-३२० जातीची विमानं तिथं रोज उतरतात, त्याच जातीची विमानं मुंबईहून दुबईला जातात. नकाशावर मोजलं तर मुंबई-दुबई १,९३० किलोमीटरच्या आसपास, चिकलठाणा-दुबई २,१४०. फरक दोनशे दहा किलोमीटर. हवेत पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे विमानाला जड नाही, धावपट्टीला जड नाही. धावपट्टी वाढवायची चर्चा, भूसंपादन, हे सगळं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. मोठ्या विमानांसाठी ते लागेलही. पण दुबईसाठी अडलंय ते तिथं नाही.

मग परदेशी विमान इथून कधी गेलंच नाही का? गेलं की. हज यात्रेकरूंसाठी चिकलठाण्याहून कित्येक वर्षं सोय होती. तेवढ्या दिवसांपुरतं कस्टम, पासपोर्टचे शिक्के, सगळं उभं राहायचं. कोविडच्या काळात हजसाठीची ठिकाणं देशभरात दहावर आणली, त्यात आपलं गेलं. २०२३ ला परत आलं. पण कसं आलं? त्या वर्षी औरंगाबाद हे ठिकाण निवडणाऱ्याला मुंबईपेक्षा सुमारे ८८ हजार रुपये जास्त भरायला सांगितले. मुंबईचे तीन लाख पाच हजारांच्या आसपास, आपले तीन लाख त्र्याण्णव हजारांच्या आसपास. नकाशावर जेद्दा मुंबईपासून साडेतीन हजार किलोमीटर, चिकलठाण्यापासून पावणेचार हजार. अडीचशे किलोमीटर जास्त, ८८ हजार जास्त. किलोमीटरला साडेतीनशे रुपये. साहजिकच, बऱ्याच लोकांनी मुंबईच निवडली. मग ‘इथून प्रवासीच मिळत नाहीत’ म्हणायला कागद तयार. आमच्या गल्लीतल्या एका चाचांनी तेव्हा मला विचारलं होतं, “मास्तर, ये अडीचशे किलोमीटर में ऐसा क्या है?” मी हसलो होतो. तेव्हा हा प्रश्न माझा नव्हता.

किंमत अंतरावर ठरत नाही. ती ठरते विमान किती भरतं, किती कंपन्या निविदा भरतात, विमान रिकामं परत न्यावं लागतं का, यावर. हे मला समजतं. धंदा आहे. पण नागपूर बघा. तिथून शारजाला आणि दोहाला थेट विमानं काही वर्षांपासून आहेत. पुण्याहून दुबईला आहे. मध्ये आपण, मराठवाड्याचे आठ जिल्हे, आपल्याला एकही नाही. नांदेड-परभणीकडचे बरेच लोक हैदराबाद धरतात. निजामाच्या काळात रूळ तिकडं गेलेत, त्यावरून रात्रीत काचीगुड्याला उतरतात. आपण मुंबईचे. म्हणजे घरातून बाहेर पडून आधी दुसऱ्या राज्यात नाहीतर दुसऱ्या टोकाला जायचं, मग देश सोडायचा.

दोन देशांमधला करारही यात आहे. भारत आणि दुबई यांच्यात दर आठवड्याला किती आसनं, ते ठरलेलं असतं. परदेशी कंपन्यांना कुठल्या शहरातून उडता येईल, त्याचीही यादी ठरलेली असते. तो कोटा मोठी शहरंच खाऊन टाकतात. आपल्या देशातल्या कंपनीला छोट्या गावातून उडायला एवढी अडचण नसते, पण त्यासाठी विमानतळावर कस्टम आणि पासपोर्ट तपासणी कायमची पाहिजे. हजपुरती येऊन जाणारी नाही. आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायचा प्रश्न तेवढाच आहे, आणि तो कुठल्याही पक्षाच्या माणसाला विचारता येतो. भाषणात ‘आंतरराष्ट्रीय विमानतळ’ हा शब्द मी गेल्या पंधरा वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की माझ्या पुतण्याला वाटायचं तो झालाच आहे.

गंमत म्हणजे मालाचं आपल्याकडं नीट विचार करून ठरवलंय. जालन्याच्या ड्रायपोर्टची कल्पनाच अशी की कस्टमचं काम इथंच व्हावं, कंटेनर इथंच सीलबंद व्हावा आणि थेट बंदरात जावा. सळईला, बियाण्याला, कापसाला मुंबईत रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून. सळई बनवणाऱ्याला मात्र लागतं.

आता एक गोष्ट माझ्याच विरोधात लिहितो, नाहीतर तुम्ही लिहालच. समजा चिकलठाण्याहून दुबईचं विमान असतं. रोज नसतंच. आठवड्यातून दोनदा-तीनदा. माय गेली तो मंगळवार. मंगळवारी ते असतं का? असतं तरी साइटवरची सही सहाच्या आधी झाली नसती. दुपारचंच विमान मिळालं असतं तर चिकलठाण्यात पावणेपाचला उतरून, शिक्का मारून, गावात साडेसातला आला असता. तरी उशीरच. म्हणून मी असं म्हणणार नाही की विमान असतं तर लहाना मातीला पोचला असता. रात्री बाराऐवजी साडेसात, एवढं म्हणतो. आणि सहा जणांकडून घेतलेल्या पैशांवर मुंबई ते गाव गाडीभाड्याचे जे आणखी कर्ज झालं, ते झालं नसतं.

तो मातीला पोचला असता ते एकाच गोष्टीनं. पहाटे सहाला मी अंगणात ‘दोन वाजता’ऐवजी ‘मध्यरात्री’ असं सांगितलं असतं तर. तेव्हा सात वाजता पेटी निघाली असती, पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ दिली असती, माय एक रात्र घरात राहिली असती आणि सकाळी मडकं त्यानं धरलं असतं. मला फक्त खरा आकडा पाहिजे होता. तो कुठंच लिहिलेला नाही. म्हणून आता लिहितोय.

दुबईहून अंबड तालुक्यातल्या गावात, ऐनवेळी, मुंबईमार्गे : सुट्टीची सही आणि तिकीट मिळून विमानात बसेपर्यंत आठ-नऊ तास. हवेत तीन तास. मुंबईत शिक्का आणि सामान, एक तास. मुंबईतून आमणे, संध्याकाळी असेल तर अडीच तास, पहाटे असेल तर तास-सव्वातास. तिथून जालना साडेतीन-पावणेचार. जालन्यातून घर एक तास. रियाध, मस्कत, कुवेतवाल्यांनी आपापला हवेतला आकडा बदलावा. बाकीचं फार बदलत नाही. नागपूर-शारजाचं विमान त्या दिवशी असेल तर तेही बघा, तिथून जालन्याला येताना भिवंडी लागत नाही.

आणि थंड पेटीचं. आम्ही दहाव्याला जमलेल्या लोकांतच विषय काढला. गावातले तेरा जण आखातात आहेत, हे तेव्हा मोजलं. हिंदू-मुसलमान सगळे धरून. चाचा म्हणाले, “हमारे में तो जल्दी दफनाते हैं, पण आमच्याकडूनही घ्या.” वर्गणी झाली, पेटी आली. ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवलीय. चावी शिपायाकडं आणि माझ्याकडं. आजूबाजूच्या गावांनी मागितली तर देतो, पैसे नाहीत, फक्त ट्रॅक्टर किंवा पिकअप तुमची. हे खरं तर तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात पाहिजे, आणि रात्री बाराला फोन केला तरी मिळायला पाहिजे. या मागणीला दोन देशांचा करार लागत नाही.

लहाना चौदाव्या दिवशी परत गेला. जाताना मी त्याला चिकलठाण्याला सोडलं, मुंबईच्या विमानासाठी. जालना रोडवरून जाताना विमानतळाची पाटी आली तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, मायला आपण कधी सांगितलंच नाही ना, खरे किती तास लागतात ते.” मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, “बरं केलं.” मला अजून ठरवता आलेलं नाही की बरं केलं का.

तुमच्या घरातलं कुणी तिकडं असेल आणि कधी असं तातडीनं यावं लागलं असेल, तर किती तास लागले ते खाली लिहा. गावाचं नाव आणि तास, एवढं पुरे. विमानाचे तास नकोत. तिकडच्या खोलीच्या दारापासून इकडच्या उंबऱ्यापर्यंतचे लिहा.